रिकामी सीट आणि चार परस पाणी

उदगीरच्या माणसाला टॅक्सीचं भाडं सांगावं आणि दोन पावलं मागं सरकून उभं राहावं, हा मी धंद्यात शिकलेला पहिला नियम. आकडा ऐकून तो आधी हसतो. मग गाडीला एक चक्कर मारतो, टायर बघतो आणि ड्रायव्हरला विचारतो, "गाडीच इकत द्यायलास का रे?" एवढं झालं की खरी बोलणी सुरू होतात. अंदमानात आम्ही ज्या बेटावर उतरतो तिथं मात्र बोलणी सुरूच होत नाहीत. टॅक्सीचे दर स्टँडवर पाटीवर रंगवलेले असतात, आणि पाटी काही कमी करत नाही.

माझं लातूरला ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. वर्षातून तीन-चार वेळा मी इथली माणसं हैदराबादमार्गे अंदमानला नेतो, समुद्राच्या तळाशी उतरवतो आणि जशी नेली तशी परत आणतो. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, आणि शेजारी एक शिकवणारा माणूस, जो तुम्हाला शेवटपर्यंत धरून असतो. त्यामुळे पोहता येत नसलं तरी चालतं. दुकानात लोक येऊन हजार शंका विचारतात. खाली मोबाइलला रेंज असते का? टाकी मध्येच संपली तर दुसरी कोण आणून देतं? निलंग्याच्या एका गुरुजींनी तर, टाकी काट्यावर तोलून मगच ताब्यात देणार, असं माझ्याकडून लिहून मागितलं होतं. घरच्या गॅसच्या बाबतीत ते एकदा पोळलेले होते.

टाकीपेक्षा महत्त्वाचं असतं पाणी. वारा सुटला की तळाची वाळू उठते आणि पुढचा माणूस दिसत नाही. ओहोटी लागली की पाण्याला ओढ येते आणि माणूस नको तिकडं सरकत जातो. म्हणजे वारा पडलेला हवा, भरती हवी, आणि सकाळ हवी. शिवाय पाण्याखाली जाऊन आल्यावर एक दिवस विमानात बसता येत नाही, अंगातली हवा वर गेल्यावर त्रास देते. म्हणून परतीच्या दोन दिवस आधी जे काय उतरायचं ते उतरून घ्यावं लागतं. हे सगळं मी अगदी जाणकारासारखं समजावून सांगतो. स्वतः मात्र आजवर गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलो नाही. लोकांनी विचारलं की सर्दी झाली आहे म्हणतो.

पाण्याच्या बाबतीत आमच्या माणसांचं एक वेगळंच. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावची ही माणसं. बेटावरच्या हॉटेलात पोचली की सामान खाली ठेवायच्या आधी बाया विचारतात, "नळ किती वाजता येतो?" चोवीस तास येतो म्हटलं तरी विश्वास नाही. बादल्या, प्लास्टिकचे मग, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, एकीनं तर चहाची किटलीसुद्धा भरून झाकून ठेवली होती. सकाळी सगळं ओतून परत ताजं भरायचं. हॉटेलवाला मला बाजूला घेऊन विचारायचा, "इनके उधर कुछ हुआ है क्या?" मी म्हणायचो, हुआ कुछ नहीं, उधर ऐसाच है.

आता माझी मूळ खोड सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. दुकान काढायच्या आधी अठरा वर्षं मी उदगीर–देगलूर लाईनवर काळी-पिवळी जीप चालवली. आमच्याकडं जीप गाडीवर ठरत नाही, सीटवर ठरते. दहा सीटच्या गाडीत चौदा बसल्याशिवाय गाडी हलत नाही. ड्रायव्हर दारात उभा राहून "देगलूर, देगलूर, देगलूर" ओरडतो, आत बसलेले "चल की बाबा आता" म्हणून शिव्या घालतात, आणि वाटेत बांधावर कुणी हात केला की तोही आत येतो. अठरा वर्षं हे केलेल्या माणसाला रिकामी सीट बघवत नाही. स्वतःच्या मेव्हण्याच्या वरातीतसुद्धा नवरदेवाच्या शेजारी जागा दिसली म्हणून मी दोन म्हाताऱ्या कोंबल्या होत्या.

तर अप्पा. मन्मथअप्पा उदगीरचे, डाळमिलवाले, वय त्रेसष्ट. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि व्यवहारात असे पक्के की हैदराबादच्या विमानतळावर चहाचा दर ऐकून त्यांनी दुकानदाराला त्याचा माल कुठून येतो, काय पडतो, हे हिशेबवार समजावून सांगितलं होतं. त्यांच्या बायको महादेवीअक्का. अठ्ठावन्न वर्षांच्या, कमी बोलणाऱ्या. माहेर मुखेडकडचं. लिंगायत घर, गळ्यात दोघांच्याही इष्टलिंग, खाण्यात कांदा चालतो पण मासळीचा वास आला तरी रस्ता बदलायचा. असं जोडपं मासे बघायला कशाला निघालं, हे मला कळेना. बुकिंगच्या दिवशी अक्कांनीच सांगितलं.

"माझ्या माहेरी मोठी विहीर होती," त्या म्हणाल्या. "चार परस. मी तळाची घागर काढून आणायचे. लगीन झालं तवा ह्यांनी सांगितलं, आमच्यात सुना विहिरीत पडत न्हाईत. चाळीस वर्षं झाली. आता पोरंबाळं मार्गी लागली. ह्यांनी विचारलं, काशी करावं का रामेश्वर. मी म्हणलं, मला एकडाव पाण्याखाली जायचं हाय."

परस म्हणजे एका पुरुषाची उंची. विहिरी आमच्याकडं त्यावर मोजतात. अप्पा बाजूला पंख्याकडं बघत बसले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दोघांचं मिळून काय कमी करतूस?"

बेटावर पोचलो त्या दिवशी वारा होता. दुसऱ्या दिवशीही. डायव्हिंग शिकवणारी मुलगी, रीटा मॅडम, दोन्ही दिवस फोन करून म्हणाली, आज पाणी बंद. आमच्या गटातल्या बाकीच्यांनी कंटाळून काचेच्या तळाच्या होडीचं तिकीट काढलं आणि स्कूबाचे पैसे परत घेतले. राहिल्या एकट्या अक्का. दोन्ही दिवस लातूरहून नवीन घेतलेला सलवार-कुर्ता घालून, टॉवेल खांद्यावर टाकून तयार. आयुष्यात पहिल्यांदा लुगडं सोडून दुसरं काही अंगाला लावलं होतं त्यांनी, आणि अप्पा तिकडं बघायचं टाळत होते.

दुसऱ्या दिवशी वेळ घालवायला आम्ही लांबच्या बीचवर निघालो. सात सीटची टॅक्सी, माणसं आम्ही तिघं, भाडं पाटीप्रमाणे पुरं गाडीचं. अप्पांना ते तेव्हापासूनच खुपत होतं. सारखे मागं वळून चार मोकळ्या सीटकडं बघत होते. मैलभरावर रस्त्याच्या कडेला एक जोडपं टॅक्सीची वाट बघत उभं होतं. अप्पांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

"रोको. इनको लेना."

"साहब, ऐसा नहीं चलता इधर," ड्रायव्हर म्हणाला.

"गाडी का पूरा पैसा हम दिया ना? फिर खाली सीट किसका? हमारा."

या बोलण्यात मला काहीही चूक सापडेना. उदगीरच्या चौकात कुणालाही सापडली नसती. आणि आता खरं सांगायला हरकत नाही, त्या क्षणी माझ्या अंगात अठरा वर्षं संचारली. खिडकीतून अर्धा बाहेर निघून मी ओरडलो, "बीच, बीच, बीच! चलो, दो सीट, चलो!" जोडपं चढलं. पुढं आणखी दोन पोरं चढली. येताना दुसऱ्या टॅक्सीत तेच केलं. संध्याकाळपर्यंत आमची दोन्ही भाडी सुटून वर चहा निघाला. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बालाजी, तू खरा धंद्याचा मानूस." इतका आनंद मला दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सहाला रीटा मॅडमचा फोन आला. वारा पडला. पाणी उघडलं, जराही गढूळ नाही. आठ वाजता बोट सुटेल, नऊनंतर ओहोटीची ओढ सुरू होईल. आणि परवा विमान असल्यामुळे आजचा दिवस हाच शेवटचा. मी टॅक्सीला फोन लावला. पहिला म्हणाला, गाडी नाही. दुसऱ्यानं नाव विचारलं, हॉटेल विचारलं आणि फोन ठेवला. तिसरा जरा भला होता. तो म्हणाला, "भाई, तुम लोग का नंबर सब के पास गया है. कोई नहीं आएगा." बोटीचा किनारा अकरा किलोमीटर. भाड्यानं स्कूटर देणारा त्याच स्टँडच्या म्होरक्याचा मेव्हणा. मॅडमची एकुलती एक गाडी टाक्या घेऊन पुढं गेलेली.

अक्का हॉटेलच्या पायरीवर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या अप्पांना शांतपणे म्हणाल्या, "आज न्हाई झालं तर मी हितंच बसते. तुम्ही जावा उदगीरला. डाळ सांभाळा."

अप्पांनी चाळीस वर्षांत हे वाक्य ऐकलं नसावं. ते माझ्याकडं बघायला लागले. "बालाजी, जास्त दे त्यांना. दुप्पट म्हन. पर गाडी आन."

मी चालत स्टँडवर गेलो. म्होरक्या होता साठीचा एक तेलुगू माणूस, सगळे त्याला अन्ना म्हणत. देगलूर लाईनवर तेलुगू आल्याशिवाय धंदा होत नाही, त्यामुळे मी त्याच्याच भाषेत सुरू केलं. दुप्पट भाडं म्हटल्यावर त्यानं नुसता हात हलवला. मग समोरच्या रांगेकडं बोट केलं आणि म्हणाला, "काल तुम्ही जे जोडपं उचललं ते पाच नंबरच्या गाडीचं होतं. ती दोन पोरं सहा नंबरची. सहा नंबर पहाटेपासून उभा होता. दिवसभरात त्याला एक भाडं मिळालं."

रांगेतला नंबर काय असतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. देगलूर नाक्यावर आमचाही नंबर होता. एकदा एका खाजगी जीपवाल्यानं आमच्या नंबरच्या दोन सवाऱ्या वाटेत उचलल्या, तेव्हा त्याच्या चारी चाकांची हवा मी स्वतः सोडली होती. तो हात जोडत होता तरी सोडली होती. आणि इथं मीच खिडकीतून बाहेर लोंबकळून ओरडत होतो. इतकी लाज मला धंद्यात क्वचित वाटली असेल.

मी अन्नाला ती हवेची गोष्ट सांगितली. तो पहिल्यांदा हसला. मग मी म्हटलं, "आमच्या स्टँडवर नंबर मोडणाऱ्याला एक दंड असतो. पैशाचा नाही. सगळ्या ड्रायव्हरांना त्यानं आपल्या हातानं चहा द्यायचा."

अन्नानं विचारलं, "कोण देणार? तू का तुझा शेठ?"

"मी दिला तर तुझं समाधान होईल?"

"नाही."

अप्पांना आणायला मी हॉटेलवर पळत गेलो. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा कधी स्वतः न उचललेला हा माणूस. मला वाटलं होतं, चिडतील. त्यांनी पायरीवर बसलेल्या अक्कांकडं एकदा बघितलं, धोतर सावरलं आणि चालायला लागले. टपरीवर पोचल्यावर सवयीनं त्यांनी विचारलंच, "सोळा कप घेतलं तर काय कमी?" मी त्यांच्याकडं बघितल्यावर म्हणाले, "हाव, हाव, ऱ्हाऊ दे."

मग मन्मथअप्पांनी सोळा ड्रायव्हरांना चहा दिला. ट्रे वाकडा धरल्यामुळे पहिल्या तिघांना निम्माच मिळाला. चौथ्यानं साखर कमी म्हणून परत केला. सहा नंबरच्या माणसापुढं गेल्यावर अप्पा थांबले. खिशातून काही काढतील असं वाटलं, पण त्यांनी दोन्ही हातांनी कप पुढं केला आणि म्हणाले, "हमारे उधर का हिसाब इधर लगाया. गलती हुआ." त्यानं कप घेतला.

अन्ना स्वतः गाडी घेऊन निघाला. अट एकच: मागच्या सीट रिकाम्या राहतील. वाटेत तीन ठिकाणी माणसं हात करत होती. अप्पांनी डोळे मिटून घेतले ते किनारा येईपर्यंत उघडले नाहीत.

पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते, पण मॅडमनं बोट धरून ठेवली होती. आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेतात. तोंडात नळी धरायची आणि तोंडानं श्वास घेत-सोडत राहायचा. एवढंच. श्वास कोंडायचा नाही, कारण टाकीची दाबलेली हवा वर येताना फुगते आणि फुफ्फुसाला इजा होते. घाबरट माणसाला हे पाच मिनिटांत जमतं. अक्का घाबरट नव्हत्या, हीच अडचण. पाण्यात डोकं गेलं की विहिरीची सवय जागी व्हायची. श्वास बंद, डोळे उघडे, आणि बाई तळाशी दगडासारख्या स्थिर. बुडबुडा एक नाही. रीटा मॅडमनं घाबरून वर ओढलं.

"का वर काढलाव? अजून लई दम होता," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मॅडमनं घड्याळ बघितलं आणि मला सांगितलं, सॉरी, मी यांना खाली नेऊ शकत नाही. बाकी कुणाला श्वास घ्यायला शिकवता येतं, पण यांना श्वास धरता येतो, ते विसरायला कसं शिकवू?

मी गुडघाभर पाण्यात उभा राहून अक्कांना ओरडून सांगितलं. "अक्का, त्यांचं म्हणणं, दम धरायचा नाही. नळीतनं फुंकत राहायचं. थांबायचंच नाही. फुंकायचं, घ्यायचं, फुंकायचं."

अक्कांनी नळी तोंडातून काढून उलटीपालटी करून बघितली. "मग चूल पेटवायची म्हना की!" त्या वैतागून म्हणाल्या. "ही फुंकनीच हाय. सकाळपासून श्वास सोडा, श्वास सोडा काय लावलाव?"

चौथ्यांदा डोकं पाण्यात गेलं आणि बुडबुड्यांचा असा फवारा उठला की मॅडम मागं सरकली. तिनं मला विचारलं, काय सांगितलंस त्यांना? मी म्हटलं, हे नंतर सांगतो, आधी बोट काढा.

बोट थोडी आत नेली. अक्का आणि मॅडम पाठीवर पडून पाण्यात गेल्या. खाली चार परस पाणी. वरून त्या दोघी दिसत होत्या, मग फक्त बुडबुडे दिसायला लागले. अप्पांनी बोटीची कड दोन्ही हातांनी पकडली होती. पोहता येत नव्हतं त्यांना.

"किती येळ लागतो?"

"वीस मिनिटं."

"अन किती झाली?"

"दोन."

ते बुडबुड्यांवर नजर ठेवून होते. मग मान वर न करताच बोलायला लागले. "तुला सांगतो बालाजी. मी तिला बघायला गेलतो मुखेडकडं. येळ होता मनून मळ्यात हिंडायलो होतो, तर ही विहिरीच्या वरच्या कठड्यावर. धाडदिशी उडी. मी तिथंच मनात हाव म्हनलो. घरात पोहे खाताना खाली मान घालून बसली होती, मला हसू यायलं होतं. तिच्या त्या उडीसाठी मी तिला केलो. अन आल्याबरोबर मीच बंद केलो. बाबा म्हनले, आई म्हनली, मनून केलो. कधी बोललो न्हाई तिला."

मी म्हटलं, आठ मिनिटं झाली.

विसाची बावीस झाली तेव्हा अक्का वर आल्या. काच काढल्यावर तोंडावर तिचा लाल वळ उठलेला आणि डोळे भरलेले. बोटीत चढल्या, बसल्या, आणि कुणी विचारायच्या आधी बोलायला लागल्या. "तळ दिसायला, अन वर पानीबी तेवढंच! आमच्याकडं तळ दिसला की गाव टँकरला फोन करतंय. पिवळे मासे, निळे मासे, अन काकडीसारखं एक काय तरी पडलेलं. मी हात लावला तर मॅडमनं हातावर मारलं." मग हसल्या. मी इतक्या वर्षांत शेकडो माणसं वर येताना बघितली आहेत, पण असं हसणारं दुसरं कुणी बघितलं नाही. फोटो काढायचा राहिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

अप्पांनी टॉवेल पुढं केला. तो तसाच धरून म्हणाले, "तुला पैल्यांदा मी घरात न्हाई बघितलो. त्याच्या आधी विहिरीवर बघितलो होतो. तू वरनं उडी मारलीस तवा."

अक्का केस पिळत होत्या. थांबल्या नाहीत.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तुरीच्या मागं टोपी दिसली होती तुमची. एरवी मी पायऱ्यांनीच उतरायचे."